दोन माणसांपुरतं

थोनबुरीच्या गल्लीत, पत्र्याखाली,
एकोणीस वर्षं जिंतना रस्सा विकते.
पहाटे चारला साठ माणसांचं नारळाचं दूध,
साठ माणसांचा ठेचलेला गवती चहा,
आणि फिश सॉस. त्याला माप नाही.
बाटली उलटी धरायची,
मनात सातपर्यंत मोजायचं, थांबायचं.
पिशवीत डाव ओतून, वर हवेचा फुगा ठेवून
ती रबर गुंडाळते इतकं चटकन
की गिऱ्हाईक अजून सुटे शोधतंय
आणि पिशवी त्याच्या बोटाला लटकलेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत चूल नाही.
नव्हतीच कधी.
घरमालकिणीला धूर चालत नाही,
आणि खरं सांगायचं तर जिंतनालाही ते बरंच.
दिवसभर ज्या वासात बुडायचं
तो रात्री उशीत कशाला?
आठ वाजले की ती खाली उतरते,
हेंगच्या गाडीवर.
पेज, आल्याचे तंतू, अर्धं अंडं.
दुपारी हेंग तिच्याकडून पिशवी नेतो.
पैसे दोघंही चोख देतात.

शुक्रवारी लेक आली खोन केनहून,
ओरनुच, हातात विजेची शेगडी, खोक्यासकट.
म्हणाली, आई, कर ना काहीतरी.
विकायचं नाही असं.

विकायचं नाही असं.
जिंतना पातेल्यासमोर उभी राहिली
परक्याच्या घरात उभं राहावं तशी.
साठांना सात,
तर दोघींना किती?
बाटली उलटी केली,
एक म्हणायच्या आत थांबायला हवं होतं,
पण एक म्हणून झालं होतं.

खारट.
मग पाणी. मग दूध. मग मूठभर वांगी,
मग पुन्हा दूध, कारण आता वांगीच वांगी लागत होती.
रस्सा काठाला आला.
ओरनुच हसत सुटली,
आई, हे पाच जणांचं झालं.

फरशीवर वर्तमानपत्र पसरून दोघी जेवल्या.
पंखा भाताची वाफ खिडकीकडे ढकलत होता.
लेक तोंडात घास घेऊन म्हणाली,
शाळेतून येताना मी रांगेत उभी राहायचे, आठवतं?
सगळ्यांसारखीच पिशवी मिळायची मला.
फक्त रबर लाल.

जिंतनाने मान खाली घातली.
लाल रबर शंभरात दोन-तीन निघायचे.
ती ते मनगटावर चढवून ठेवायची
चारच्या घंटेपर्यंत.
इतकी वर्षं तिला वाटत होतं
की हे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.

उरलेलं टाकवेना.
हात आपोआप कामाला लागले,
पिशवी, डाव, फुगा, गाठ.
लेक झोपली, शेगडी निवली,
आणि नऊ वाजता जिंतना खाली उतरली.

हेंगने गाडी झाकली नव्हती.
कडेला एक वाडगा ताटलीखाली होता,
आलं वर नीट रचलेलं.
उशीर झाला, तो म्हणाला. जेवलीस?
हो म्हणावं तर त्या आल्याचं काय,
नाही म्हणावं तर लेकीचं काय.
ती बाकावर बसली.
पोट तुडुंब, तरी अर्धी पेज प्यायली,
सावकाश, वेळ काढत,
आणि पिशवी त्याच्यापुढे सरकवली.

त्याने रबर सोडवला, चमचा बुडवला.
खारट आहे, म्हणाला,
आणि पुन्हा बुडवला.
गाडीवरचं तुझं चांगलं असतं.
ते साठ जणांचं असतं, ती म्हणाली.

पेजेचे पैसे तिने रोजच्यासारखे
डब्याखाली ठेवले.
हेंगने हात पुसत विचारलं,
आणि ह्याचे किती?

ती बराच वेळ
पिशवीकडे बघत राहिली.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
तिला भाव सांगता येईना.